एका दिव्यावर दोन सायकली

माझी लेक बानू झोपली की मी तिच्या नाकासमोर बोट धरून बघते. स्टोव्ह विझवला का, हे कुलूप लावल्यावर पुन्हा उघडून बघते. या दोन्हींवरून आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मला चिडवतात. "कॉलेजात हेच शिकवलं का गं तुला?" पण संध्याकाळी मी बानूला काखेत घेऊन गच्चीकडं निघाले की त्या चिडवत नाहीत. फक्त म्हणतात, "पोरीचे कान बांध. वारं हाय."

आमच्या गच्चीवरून जालना रोड दिसतो. चिकलठाण्यात शेतं विकली गेली तशा नव्या खोल्यांच्या ओळी उठल्या, त्यातल्या एका ओळीत आम्ही भाड्यानं राहतो. मुकुंदवाडीपर्यंत रस्त्याला खांब आहेत, उजेड आहे. तिथून पुढं विमानतळाची भिंत, मग नदीवरचा पूल, आणि मग आमची वस्ती. तेव्हा हा सगळा पट्टा अंधारा होता. ट्रकचे दिवे जोडीनं यायचे, स्कूटरचा एकटा आणि घाईत. सायकलचा दिवा लांबून ओळखू यायचा. पिवळट, डुलत येणारा, चढाला मंद होणारा आणि उताराला उजळणारा.

त्या दिव्याची वाट बघायला गच्चीवर आम्ही दोघी असायचो, मी आणि शेजारच्या द्वारकाबाई. दोन बिऱ्हाडांत एकच भिंत, आणि गच्ची सामाईक. त्यांचे मालक सखारामभाऊ आणि आमचे हे एकाच कंपनीत, स्टेशनजवळच्या एमआयडीसीत. आमचे हे म्हणजे बिरू. कागदावर लिहिताना काही वाटत नाही, पण तोंडानं मी हे नाव लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं. आमच्यात घेत नाहीत. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आत्या म्हणतात. बी.ए. झालेली मी त्यावर हसायचे, पण घ्यायचे नाही. उगाच कशाला.

दिवा एक आणि माणसं दोन, हे कसं ते आधी सांगते. अंधार पडल्यावर सायकलला पुढं दिवा आणि मागं तांबडी काच पाहिजे, असा नियम. मुकुंदवाडीच्या नाक्यावर एक हवालदार उभा असायचा. दिवा नसला की चाकातली हवा सोडायचा आणि म्हणायचा, जा आता चालत. सखारामभाऊंच्या सायकलला झकास डायनामो होता, पण मागची काच कुठल्याशा खड्ड्यात फुटून गेलेली. ह्यांच्या सायकलचं टायर इतकं गुळगुळीत की डायनामो लावला तरी नुसता घसरायचा. पण मागची तांबडी काच लखलखीत, आत्यांनी राखेनं घासलेली. म्हणून सखारामभाऊ पुढं आणि हे त्यांच्या चाकाला चाक लावून मागं. हवालदार पहिल्यांदा ओरडला. मग सवय झाली तसा हसायला लागला. "दोघं मिळून एक सायकल झाली म्हणायची. पण एकमेकाला सोडू नका रे. मधी फट दिसली तर दोघांचीबी हवा काढीन."

त्यांनी सोडलं नाही. गच्चीवरून आम्हाला एकच दिवा दिसायचा. पूल ओलांडला की मागून हे घंटी वाजवायचे. दिवा द्वारकाबाईंचा, घंटी माझी. बानूला तेवढ्यावरून कळायचं. ती दोन बोटं वर करायची आणि मग आम्ही दोघी खाली चहा ठेवायला जायचो.

मग तो हिवाळा आला. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, हे भांडण मी शाळेत होते तेव्हापासूनचं. त्यापायी माझ्या परीक्षासुद्धा एकदा पुढं गेल्या होत्या. आता संक्रांतीच्या आसपास निर्णय होणार, असं सगळे म्हणत होते. आणि कुठलाही झाला तरी काहीतरी होणार, असंही सगळेच म्हणत होते. मोर्चे निघत होते, दोन्ही बाजूंचे. आज बंद, उद्या एसटीच्या काचा. कंपनीच्या कँटीनमध्ये कालपर्यंत एका ताटात खाणारी माणसं वेगवेगळ्या टेबलांवर बसायला लागली, असं ह्यांनी सांगितलं. सांगताना मान खाली होती.

अठ्ठ्याहत्तर साली द्वारकाबाई लहान होत्या. याच भांडणापायी त्यांच्या गावात त्यांची वस्ती जाळली होती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, ज्वारी निवडता निवडता, आणि पुन्हा विषय काढला नाही. त्या डिसेंबरात मी त्यांच्याकडं विरजण मागायला गेले, तर दारामागं एक गाठोडं दिसलं. घट्ट बांधलेलं, वर एक चादर दुमडून ठेवलेली. स्टोव्ह दोनदा बघणारी मी, पण असं गाठोडं बांधून ठेवायचं मला सुचलंही नव्हतं. सुचायची गरज पडली नव्हती.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सखारामभाऊ आमच्या दारात आले. एरवी सरळ आत येऊन बानूला खांद्यावर घ्यायचे. त्या दिवशी उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"बिरू, थोडे दिवस मी आमच्या पोरांसंगं येतो. पाच-सहा जण हायेत, सगळे मिळून निघतो. तू तुझा ये."

"का? म्या काय केलं?"

"तू काय नाय केलं. पर तुझ्यासंगं दिसलो की आमची विचारतेत, माझ्यासंगं दिसलास की तुझी. आन् रस्त्यात कुणी दगड उचलला तर उचलंल मला बघून, लागंल तुला."

"लागू दे."

"लागू दे म्हणायला ते तुझ्या एकट्याचं डोकं हाय का?" त्यांनी बानूकडं बघितलं. "हिचंबी हाय की."

ते गेल्यावर आत्या म्हणाल्या, "बरंच झालं म्हणायचं. दिवस वंगाळ हायेत. येगळं येगळं गेलेलं बरं." ह्यांनी ताटावरून हात उचलला आणि बाहेर जाऊन सायकल पुसत बसले. सायकल पुसलेलीच होती.

माझ्या डोक्यात मात्र एकच शब्द बसला होता. दगड. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा देताना मी म्हटलं, "तुमचं ते कंपनीतलं पिवळं हेल्मेट आहे ना, शेडमध्ये घालायचं, ते येताना डोक्याला राहू द्या."

"सायकलवर? लोक म्हणतील, बिरू धनगर इमान चालवाया निघाला."

"म्हणू द्या. विमानतळ तिकडंच आहे."

हे हसले, पण संध्याकाळी हेल्मेट घालून आले. आता दिव्याचं राहिलं. घरातली दोन सेलची बॅटरी आम्ही आधी हँडलला बांधून बघितली. खड्डा आला की आतले सेल हलायचे आणि उजेड जायचा. दोरी आवळली, रबर लावलं, काही उपयोग नाही. शेवटी हे म्हणाले, "ह्या समद्यात डोकंच तेवढं हादरत नाय. त्याच्यावरच बांध."

आत्यांनी जुन्या घोंगडीची किनार सोडवून दिली. मी ती दुहेरी घेऊन पट्टी शिवली, हेल्मेटच्या बाजूच्या खाचांतून ओवली, मागं बटण लावलं. बॅटरी बरोबर कपाळावर आली. लोकर खरबरीत, त्यामुळं प्लास्टिकवरून घसरत नव्हती. ह्यांनी घालून घरातल्या घरात इकडंतिकडं बघितलं. उजेड मांडणीवरून गेला, आत्यांच्या तोंडावरून गेला, बानूवर थांबला.

"आबा चांदणी," बानू बापाकडं बोट करून म्हणाली.

"मेंढराच्या लोकरीनं बांधलंय," आत्या म्हणाल्या. "आता नाय चुकायचा घरला यायला."

मला त्या पट्टीचा अभिमान वाटला, हे खोटं कशाला बोलू. ते टाके मी कुणाला न सांगता दोनदा उसवून पुन्हा घातले होते.

पहिल्या संध्याकाळी गच्चीवरून तो दिवा चटकन ओळखू आला. बाकी सगळ्या सायकलींपेक्षा उंच, पांढरा. द्वारकाबाई आता गच्चीच्या दुसऱ्या कडेला उभ्या राहायच्या. आमचं काही बिनसलं नव्हतं. पण बघायचे दिवे दोन झाले, तशा कडाही दोन झाल्या. तिकडूनच त्या म्हणाल्या, "तुमचा आला बघ. टोपीवाला."

मी बघत होते. आणि बघता बघता तो दिवा गेला.

गेला म्हणजे होता तिथं अंधार झाला. मग पुन्हा लागला, थोडा पुढं. पुन्हा गेला, पुन्हा लागला. हे घरी आल्यावर मी बॅटरी सोडून सेलना कागद गुंडाळला, मागची स्प्रिंग ओढून लांब केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "तुम्हाला कळत नाही का, मधेच विझते ती?" मी विचारलं. हे म्हणाले, "छ्या! मला तर सारखा उजेड दिसतो."

एकदा जेवताना ह्यांनी गंमत सांगितली. "आज नाक्यावर अडवलं. 'दिवा कुठाय?' म्हणला. म्या म्हणलं, हा काय, डोक्यावर. 'तो तुझा झाला. सायकलचा कुठाय?' म्या म्हणलं, साहेब, डोकं सायकलवरच हाय की. म्हणला, 'उतर.' उतरलो. 'हो बाजूला. आणखी हो.' झालो. 'आता दाव मला सायकल.' आता कुठली दिसती! दिवा माझ्यासंगं आला, सायकल राहिली अंधारात."

आत्यांनी तोंडाला पदर लावला. "मंग रं?"

"मंग काय. म्हणला, 'सरकारनं सायकलला दिवा लावाया सांगितलाय, माणसाला नाय. उद्या असाच आलास तर हवा सोडीन आन् टोपी ठिवून घीन.'"

"मग उद्यापासून काय करायचं?" मी विचारलं. मला हसू येत नव्हतं.

"बघू."

"ती बॅटरी काढून टाका. आपण दुसरं काही..."

"नगं," हे पटकन म्हणाले. "राहू दे."

दुसऱ्या संध्याकाळी रस्त्यावर टोपीवाला दिवा आलाच नाही. ट्रक आले, स्कूटरी आल्या. द्वारकाबाईंची पाच-सहा सायकलींची टोळी आली. दिवे पुढं निघून गेले आणि बराच मागून एकटा डायनामो डुलत आला, तो सखारामभाऊंचा. त्या खाली गेल्या. बानू थंडीनं माझ्या मानेत तोंड खुपसून बसली होती. मी रस्त्याकडं इतकी बघत होते की दुसरीकडं बघायचं सुचलं नाही. बानूनंच बोट केलं. "तिकडं."

नदीच्या कडेनं, जिथं रस्ता नाही, फक्त शेतातली पांद आहे, बैलगाडीपुरती, दोन्ही बाजूंना बोरीबाभळी, तिथून तो पांढरा दिवा येत होता. आणि तिथंही तो मधेमधे विझत होता.

"आज तिकडून कसे?" मी दारातच विचारलं.

"समोरून वारं व्हतं. पांदीला लागत नाय."

पांदीनं आलं तर वाट दुप्पट होते. आणि शेवटी पुलापाशी जालना रोड आडवा ओलांडावाच लागतो. ह्यांच्या पँटीला कुसळं लागली होती, ती मी एकेक काढत बसले. कुसळं काढताना माणसाचा चेहरा जवळून दिसतो. ह्यांना खोटं बोलता येत नाही. बोलले की कान हलतात.

तिसऱ्या दिवशीही दिवा पांदीनंच आला. चौथ्या दिवशी मी गच्चीवर गेलेच नाही. दिवे लागायच्या वेळी बानूचे कान बांधले आणि तिला घेऊन पुलाकडं चालत गेले. पांद जिथं रस्त्याला लागते, त्याच्या समोरच्या कडेला एक मैलाचा दगड आहे, तिथं उभी राहिले. आत्यांना सांगितलं, दळण आणते.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. हे फर्दापूरकडच्या गावात मेंढरांमागं वाढले. मेंढरं हाकणारा माणूस समोर बघून चालत नाही. मागचं लंगडं कोकरू येतंय का, कडेचं भलत्याच्या पिकात शिरलं का, हे बघत चालतो. हे कंपनीत लागून किती वर्षं झाली, तरी चालता चालता मान मागं वळतेच. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं बाजारात गेलो, तेव्हा हे पुढं चालत होते आणि सारखे वळून बघत होते. मला वाटलं, माझ्याकडंच बघतात. लाजून मी पदर सावरत होते. घरी आल्यावर आत्या म्हणाल्या, "तुला नाय बघत बाई तो. मोजतोय."

हे सगळं मला माहीत होतं. पण त्या दिवशी पुलापाशी उभं राहीपर्यंत मी ते आणि दिवा एकत्र बघितलं नव्हतं.

पांदीतून उजेड आला. जवळ आल्यावर सायकलची खडखड ऐकू आली. उजेड सरळ आला, आला, आणि वळून मागच्या बाभळीवर पडला. समोरून बघणाऱ्याला तिथं काहीच राहिलं नाही, नुसता काळोख. मग मान पुढं आली, तसा दिवा पुन्हा लागला. बॅटरी एकदाही विझली नव्हती. हे मागं बघत होते, एवढंच.

तेवढ्यात जालन्याकडून टेम्पो आला. वेगात होता. त्याचे दिवे पुलाच्या कठड्यावर होते, पांदीच्या तोंडावर नव्हते. हे पांदीतून रस्त्यावर चढले, आणि चढता चढता, अगदी डांबराच्या कडेला, मान पुन्हा मागं गेली. उजेड शेतात. रस्त्यावर अंधार, आणि त्या अंधारात माझा माणूस.

"अहो" म्हणून चाललं नसतं. अहो तर सगळ्याच बायकांचे असतात.

"बिरूऽऽ!"

माझ्या छातीतून तो आवाज कसा निघाला मला माहीत नाही. बानू दचकून रडायला लागली. ह्यांनी झटकन मान माझ्याकडं फिरवली, आणि मानेबरोबर दिवा फिरला. शेतावरून, रस्त्यावरून, टेम्पोच्या काचेवरून. ब्रेक करकरले. टेम्पो डांबर सोडून खडीवर उतरला आणि तिरका थांबला. ह्यांनी पाय टेकले होते. मधे एक सायकल आडवी बसेल एवढी जागा होती.

ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढलं. "अरे मियाँ, बत्ती लेको पीछू कायकू देखते? मरने का शौक है तो दूसरी गाडी देखो ना!" मग त्याला मी आणि बानू दिसलो असू. त्याचा आवाज उतरला. "भाभी, संभालो इनको," म्हणाला आणि गाडी काढली.

हे रस्ता ओलांडून आमच्यापाशी आले. काही बोलायला तोंड उघडलं, पण दिवा सरळ आमच्या डोळ्यांत येत होता.

"आधी ती बॅटरी विझवा," मी म्हटलं.

अंधारात आम्ही तिघं उभे राहिलो. बानूचं रडणं हुंदक्यांवर आलं होतं. ह्यांनी तिला घेतलं.

"नाव घेतलंस माझं," हे म्हणाले.

"घेतलं."

"म्हातारीला सांगू? आयुष्य कमी केलंस म्हणून?"

"सांगा. मी पण सांगते, पांदीतून चोरासारखे येता म्हणून. हवालदाराला चुकवायला येता ना? मग ती बॅटरी काढून दुसरं काही केलं का नाही? एकदा म्हटलं होतं मी."

हे बानूला थोपटत होते. "तू शिवलीस ना ती," म्हणाले. "टाके उसवून पुन्हा घालत व्हतीस, म्या बघितलंय. काढाया जीव झाला नाय. आन् तो अडवील म्हणून पांदीनं येतो असं सांगितलं असतं, तर तू पोरीला घेऊन रोज नाक्यावर येऊन उभी राहिली असतीस."

"मग आत्ता कुठं उभी आहे?"

आम्ही सायकल मधे घेऊन चालत निघालो. थोडं पुढं गेल्यावर मी म्हटलं, "त्या हवालदाराचं बरोबर आहे. डोक्यावरचा दिवा तुम्हाला दिसायला आहे. समोरच्याला तुम्ही दिसायला पाहिजे, त्यासाठी तो सायकलला लागतो."

"मान मागं जायची ती जाणारच. ती माझ्या हातात नाय."

"जाऊ द्या ना. सखारामभाऊ पुढं असायचे तेव्हा तुम्ही हवं तितकं मागं बघायचात. दिवा आपला पुढंच बघायचा."

ह्यांनी चालता चालता मागं वळून बघितलं, आणि या वेळी मला नक्की माहीत होतं, सखारामभाऊंना मोजत होते.

घरी बानूला आत्यांकडं दिलं आणि मी तशीच शेजारी गेले. द्वारकाबाई भाकरी थापत होत्या. दारामागं गाठोडं होतं. मी उंबऱ्यात थांबले नाही, आत जाऊन चुलीपाशी बसले.

"दळण कुठाय गं?" त्या म्हणाल्या. "तुझी सासू म्हणली, दळणाला गेली."

"द्वारकाबाई, उद्यापासून दोघांना परत एकत्र येऊ द्या."

त्यांचे हात थांबले. "कोण म्हणतंय? बिरूभाऊ, का तू?"

"मी."

"आन् तुमच्यातल्यांनी विचारलं तर?"

"सांगेन, नियम आहे. सायकलला पुढं दिवा, मागं काच."

त्या हसल्या. किती दिवसांनी मी त्यांना हसताना बघत होते. "नियम! बाई गं, नियम सांगून आम्हाला आजवर बाहेरच काढलं समद्यांनी. सोबत मागाया आलेली तूच पहिली." मग हसू गेलं. भाकरी तव्यावर टाकून पाठमोऱ्याच म्हणाल्या, "भ्या वाटत नाय तुला? खरं सांग."

"वाटतं. दगडाचं वाटतं. पण दगड येईल का, मला माहीत नाही. टेम्पो मी आज बघितला." आणि मी त्यांना सगळं सांगितलं. नाव घेतल्याचं सोडून. ते का सोडलं, कुणास ठाऊक.

त्या ऐकत होत्या. भाकरी करपत होती, ती मीच उलटली. "आमच्याकडं उलटं हाय," त्या म्हणाल्या. "पोरं जातात भरभर पुढं. ह्यांचा गुडघा धरतो, हे मागं राहतात. पुढं दिवा हाय, पर मागं काय? ट्रक मागून येतो तवा त्याला दिसतंय काय? म्या रोज बघते गच्चीवरनं. कुणाला सांगू? पोरं आपली, सांभाळाया येतात बिचारी. त्यांना कसं म्हणू, की ह्यांची पाठ उघडी पडती?"

म्हणजे आम्ही दोघी एकाच गच्चीवर, दोन कडांना उभ्या राहून, एकाच रस्त्याला भीत होतो.

दारात पावलं वाजली. सखारामभाऊ पाणी घेऊन आले होते. त्यांनी किती ऐकलं होतं माहीत नाही. हंडा ठेवून म्हणाले, "आन् पोरांना काय सांगू मी?"

"सांगा, बानूच्या आईनं मागितलंय," द्वारकाबाई म्हणाल्या.

"एकटीनंच?"

भिंतीपलीकडून आवाज आला. "साळूबाईनंबी मागितलंय म्हणावं!" या आमच्या आत्या. भिंत एकच असल्यावर काय लपतं. "आन् सखाराम, त्या दिवशी उंबऱ्याभायेर का उभा राहिलास रं? बानू तवापासून दार बघती."

सखारामभाऊ चटकन वळले आणि बाहेर अंगणात गेले. पण आमच्या दाराची कडी वाजली, ती मी ऐकली. मग बानूचा खिदळण्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेल्मेटवरची बॅटरी सोडवली. पट्टी काढायला गेले, तर ह्यांनी हेल्मेट हातातून घेतलं. "ती राहू दे. कानाला ऊब लागती." पट्टी कानापर्यंत येत नव्हती. ह्यांनी शेडमधल्या माणसाला सांगून सखारामभाऊंसाठीही एक हेल्मेट मागून घेतलं. "आता दोघं इमानवाले," सखारामभाऊ म्हणाले.

त्या संध्याकाळी नाकाबंदी होती. संक्रांत जवळ आली होती आणि शहरात बाहेरून पोलिसांच्या गाड्या आल्या होत्या. आत्यासुद्धा गच्चीवर आल्या. द्वारकाबाई आणि मी एकाच कडेला होतो.

"विद्यापीठाचं नाव बदललं तर तुझी पदवी जुनी व्हईल गं," द्वारकाबाई मधेच म्हणाल्या. चिडवत होत्या, पण डोळे माझ्या तोंडावर होते.

"होऊ दे. बानूची नवी असेल."

बानूचं टोपडं सुटलं होतं, त्याची गाठ त्यांनी मारली, आणि हात तिच्या डोक्यावरून लवकर काढला नाही.

रोजची वेळ टळली. ट्रक आले. एक पोलीसगाडी दिवा फिरवत गेली. सायकलींची टोळी आली, पण पिवळा डायनामो त्यात नव्हता. द्वारकाबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांची नखं रुतत होती. मला बरं वाटत होतं.

मग मुकुंदवाडीकडच्या उजेडातून एक दिवा सुटा झाला. पिवळट. विमानतळाच्या भिंतीच्या कडेनं डुलत डुलत आला. चढाला मंद झाला, पण विझला नाही. मी पापणी न हलवता बघत होते. एकदाही विझला नाही.

"आमचाच हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "पर मागं हाय का गं कुणी? मला दिसत नाय."

"मलाही दिसत नाही."

दिवा पुलावर चढला. पुलाच्या मध्यावर आला. पूल ओलांडला.

आणि त्याच्या मागच्या काळोखातून घंटी वाजली.

बानूनं दोन बोटं वर केली. आत्या म्हणाल्या, "आला बाई," आणि कुठला आला ते न सांगता चहा ठेवायला खाली गेल्या.